गाडीचा दम : घोडबंदरची चढण आणि टर्बोचे माप

घोडबंदर या नावात घोडा आहे. पोर्तुगीजांच्या काळात वसईच्या खाडीकाठी अरब व्यापाऱ्यांचे घोडे उतरत, त्यावरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी इथला किल्ला घेतला, पुढे इंग्रजांचा अंमल आला आणि घोड्यांचा तो व्यापार लोकांच्या आठवणीतूनही गेला. पण घोड्यांची मोजणी काही थांबली नाही. आजही याच गावाच्या नावाच्या रस्त्यावरून दिवसरात्र हजारो घोडे जातात. फक्त ते इंजिनात असतात आणि आपण त्यांना हॉर्सपॉवर म्हणतो.

गुजरातकडून येणारे ट्रक वसई खाडीवरचा वर्सोवा पूल ओलांडतात. ज्यांना ठाणे, भिवंडी किंवा न्हावा शेवा बंदर गाठायचे असते ते काशिमिऱ्याच्या अलीकडे, फाउंटन नाक्यावरून घोडबंदर रस्त्याला वळतात. थोडे पुढे गेले की गायमुखचा घाट लागतो. खंडाळा किंवा कसारा पाहिलेल्या माणसाला हा घाट म्हणजे किरकोळ चढण वाटेल. पण भरलेल्या ट्रकची परीक्षा घ्यायला तेवढी चढण पुरते. एक गाडी चढणीवर अडली की मागे मीरा रोडपर्यंत रांग लागते. शाळेच्या बस अडकतात, रुग्णवाहिका अडकतात आणि त्या रांगेतला काळा धूर सगळ्यांच्या छातीत जातो.

मी भाषा शिकवणारा माणूस आहे, उर्दू आणि मराठी. इंजिनाशी माझा संबंध माझ्या विद्यार्थ्यांमुळे आला. माझ्या वर्गात ड्रायव्हरांची, मेकॅनिकांची, एकेक ट्रक बाळगून असलेल्या मालकांची मुले आहेत. या मंडळींच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो: दम. "गाडीत दम नाही." "घाटात दम सोडते." हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे, आणि दोन्हीकडे त्याचे दोन अर्थ आहेत. दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे ताकद. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हे दोन अर्थ अक्षरशः एक होतात. जितका श्वास तितकी ताकद. टर्बोचार्जरचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो, आणि ट्रकला केवढा टर्बो लावावा या प्रश्नाचे उत्तरही त्याच इतिहासात आहे.

घाटाला माणसाने दिलेली उत्तरे

सह्याद्री चढायचा तर ताकद कुठून आणायची, हा मुंबईचा जुना प्रश्न. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा चढणीला जास्तीची बैलजोडी हे उत्तर होते. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे गेली. तिथे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर चढावे लागते. रेल्वेने काढलेले उत्तर बैलजोडीसारखेच होते: गाडीच्या मागे जास्तीची इंजिने लावायची आणि ढकलत न्यायचे. कर्जत आणि कसाऱ्याला मागून लागणारी ही बँकर इंजिने आजही पाहायला मिळतात.

ट्रकला ही सोय नव्हती. त्याला एकट्यानेच चढायचे होते. देशी ट्रकचा इतिहास आपल्या जवळच सुरू होतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो नावाचे ट्रक बाहेर पडू लागले. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीझ ट्रक तयार होऊ लागले. हा करार १९६९ मध्ये संपला, पण इंजिनाची घडण राहिली. त्या घराण्यातले '६९७' हे इंजिन मेकॅनिक मंडळींना पाठ असते. नावातच त्याचे माप आहे: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. एकूण पोट ५,६७५ घनसेंटीमीटर, म्हणजे पावणेसहा लिटरला थोडे कमी.

हे इंजिन आधी टर्बोशिवाय चाले. म्हणजे पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आत ओढेल तेवढाच त्याचा श्वास. घाट आला की पहिला गिअर, रेडिएटरमधून वाफ आणि चाकामागे दगड ठेवायला खाली उडी मारून पळणारा क्लीनर. जुन्या ड्रायव्हरांच्या आठवणीतला खंडाळा असा आहे.

वाया जाणारा धूर

मग युरोपात काय चालले होते? रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले. त्यात जाळलेल्या तेलाची ढोबळमानाने एक तृतीयांश शक्ती चाकापर्यंत पोचते, एक हिस्सा पाण्यात आणि अंगातून उष्णता होऊन जातो, आणि एक हिस्सा धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. स्वित्झर्लंडचा अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याला हा तिसरा हिस्सा खुपत होता. १९०५ मध्ये त्याने पेटंट घेतले. कल्पना साधी: बाहेर जाणाऱ्या गरम धुराने एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. ना जास्तीचे तेल, ना पट्टा. टाकाऊ धूरच इंजिनाला श्वास देणार.

कल्पना सुचण्यापासून ती चालेपर्यंत वीस वर्षे गेली. पहिल्या प्रयोगातले यंत्र टिकले नाही. १९२५ मध्ये त्याला खरे यश आले, आणि पुढच्या वर्षी दोन जर्मन प्रवासी जहाजांसाठी अशी इंजिने तयार झाली. त्यांची ताकद १,७५० वरून २,५०० हॉर्सपॉवरवर गेली.

दरम्यान अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये विमानाचे एक इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फूट उंच डोंगरावर नेले. तिथली हवा विरळ, त्यामुळे साध्या इंजिनाचा दम बराच कमी व्हायला हवा. टर्बो लावल्यावर त्याने समुद्रसपाटीला द्यायची ती ताकद वरही दिली. म्हणजे टर्बोचा पहिला उपयोग हवेची कमतरता भरून काढणे हा होता.

ट्रकपर्यंत ही गोष्ट यायला आणखी वेळ लागला. जहाजाचे इंजिन तासन् तास एकाच वेगाने फिरते आणि विमानाचेही बहुतेक तसेच. ट्रकचे तसे नाही. तो सिग्नलला थांबतो, रिकामा पळतो, भरून रांगतो. त्याच्या धुराचा जोर क्षणाक्षणाला बदलतो. एवढ्या बदलत्या जोरावर नीट फिरेल असे छोटे चक्र घडवणे अवघड होते. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्याच सॉरर कंपनीने ट्रकसाठी टर्बो डिझेल इंजिन काढले. स्वीडनच्या व्होल्व्होने १९५४ मध्ये आपल्या ट्रकला टर्बो दिला, म्हणजे ज्या वर्षी जमशेदपूरला टाटा-मर्सिडीझचा साधा ट्रक सुरू झाला त्याच वर्षी.

याच काळातला एक किस्सा आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकने ऐकावा असा आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कंपनीने टर्बो लावलेली डिझेल गाडी उतरवली. चालक होता फ्रेड आगाबाशियन. पात्रता फेरीतल्या वेगामुळे ही गाडी शर्यतीला सर्वांत पुढे उभी राहिली. २०० फेऱ्यांच्या शर्यतीत ७१ व्या फेरीला ती बाहेर पडली. टर्बोचे हवा ओढायचे तोंड खाली, रस्त्याजवळ होते, आणि टायरचे झिजलेले रबर आत ओढले जाऊन ते तुंबले होते. सर्वांत पुढे उभी राहिलेली गाडी कचऱ्याने थांबवली. धूळभरल्या घोडबंदर रस्त्यावर एअर फिल्टर बदलायची टाळाटाळ करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

भारतात टर्बो का आला

आपल्याकडे ट्रकला टर्बो सरसकट लागला तो उशिरा, आणि त्यामागे दोन कारणे होती: रस्ता आणि धूर.

१९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि कंटेनर वाहणाऱ्या अवजड गाड्या आपल्या भागात वाढल्या. पुढे सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामाची सुरुवात झाली, त्यात काशिमिऱ्यावरून जाणारा मुंबई-दिल्ली रस्ताही होता. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. रस्ते रुंद झाले, वजने वाढली आणि पहिल्या गिअरमध्ये रांगणारी गाडी मागच्या सगळ्यांना धोका ठरू लागली.

धुराचे नियमही कडक होत गेले. १९९० च्या दशकात पहिली बंधने आली, २०१० मध्ये बीएस-थ्री देशभर झाले, १ एप्रिल २०१७ पासून बीएस-फोर आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स. काळा धूर म्हणजे पुरेशी हवा न मिळाल्याने नीट न जळलेले डिझेल. हवा वाढवली की धूर कमी होतो आणि तेवढ्याच तेलात जास्त काम होते. टेल्कोने १९९३ मध्ये कमिन्सशी भागीदारी करून नवी इंजिने आणली. जुन्या ६९७ लाही टर्बो लागला आणि त्याचे नाव '६९७ टीसी' झाले. पुढे दाबलेली गरम हवा थंड करून आत सोडणारा इंटरकूलर आला आणि नावात आणखी दोन अक्षरे वाढली: 'टीसीआयसी'.

माप कसे ठरते

आता मूळ प्रश्नाकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत मला भेटायला आले. खडी वाहणारी एकच जुनी गाडी, टर्बो गेलेला. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात त्यांना मोठ्या ट्रेलरचा टर्बो स्वस्तात मिळत होता. हातात एक इंग्रजी माहितीपत्रक होते. "सर, एवढं वाचून सांगा. मोठा बसवला तर गाडी घाट आरामात मारेल ना?" घरचा सगळा खर्च त्या एका गाडीवर होता. मी ते माहितीपत्रक घेऊन त्यांच्याबरोबर काशिमिऱ्याच्या एका उस्तादांकडे गेलो. मी वाचत होतो, ते अर्थ सांगत होते. त्या दिवशी जे समजले ते इथे आकड्यांत मांडतो.

६९७ चेच उदाहरण घेऊ. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेते. मिनिटाला २,४०० फेऱ्या असतील तर साधे इंजिन सुमारे ६,१०० लिटर हवा ओढते. आपल्याकडच्या तापमानाला या हवेचे वजन साधारण ७ किलो. धूर न होऊ देता एक किलो डिझेल जाळायला साध्या इंजिनात वीसेक किलो हवा लागते. म्हणजे मिनिटाला ३५० ग्रॅम डिझेल आणि त्यातून सव्वाशेच्या आसपास हॉर्सपॉवर.

समजा याच इंजिनातून १८० हॉर्सपॉवर हवी आहे. टर्बो इंजिनात हवा थोडी सढळ ठेवतात, एका किलो डिझेलला पंचवीस किलो धरा. हिशेब केला तर मिनिटाला १२ किलो हवा लागेल, म्हणजे साध्या इंजिनाच्या पावणेदोनपटीला थोडी कमी. इंटरकूलर असेल तर त्यासाठी हवेचा दाब बाहेरच्या सुमारे १.८ पट करावा लागतो. झाले, टर्बोकडून काय हवे त्याचे एक टोक मिळाले: १२ किलो हवा, १.८ पट दाब.

पण हे वरचे टोक आहे. खालचे टोक चढणीवर असते. भरलेली गाडी गायमुखला चढते तेव्हा इंजिन २,४०० वर नसते, ते १,२०० ते १,४०० फेऱ्यांवर कण्हत असते. तिथे टर्बोने पाच-सहा किलो हवा दाबून दिली पाहिजे. योग्य टर्बो तो, जो या पाच किलोपासून बारा किलोपर्यंतच्या पट्ट्यात नीट काम करतो. कंपनीच्या माहितीपत्रकात वाकड्या वर्तुळांचा जो नकाशा असतो तो हेच सांगतो. त्याच्या डाव्या सीमेपलीकडे गेले की हवा उलटी ढकलली जाते आणि टर्बो भुंकल्यासारखा आवाज करतो. उजव्या सीमेपलीकडे गेले की टर्बोचा गळा आवळतो, कितीही फिरला तरी हवा वाढत नाही.

मोठ्या ट्रेलरचा टर्बो मिनिटाला वीस-पंचवीस किलोसाठी घडवलेला असतो. आपल्या इंजिनाचा १,२०० फेऱ्यांवरचा धूर त्याचे जड चक्र फिरवूच शकत नाही. ड्रायव्हर पेडल दाबतो, पंप डिझेल सोडतो, हवा मात्र येत नाही. मग काळा धूर, वाढते तापमान आणि अडलेली गाडी. उस्ताद एका वाक्यात बोलले, "मास्टरसाब, बडे टर्बो की हवा ऊपर के आरपीएम में आती है, और घाट तो नीचे के आरपीएम में चढना पडता है."

मग लहानच का लावू नये? लहान टर्बो लवकर दम धरतो, पण सपाट महामार्गावर वेग घेतला की त्याच्या अरुंद तोंडातून धूर बाहेर पडेना होतो. पिस्टनला तो ढकलायला ताकद घालवावी लागते, डिझेल वाढते. टर्बोचा दांडा एरवीच मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो, तो मर्यादेपलीकडे पळतो आणि बुश खाऊन टाकतो. पाते तुटून इंजिनात गेले तर कामाचा खर्च टर्बोच्या किमतीवर थांबत नाही. यावर मधला मार्ग म्हणून वेस्टगेट आली. ही एक छोटी झडप, दाब पुरेसा झाला की जास्तीचा धूर चक्राला बगल देऊन बाहेर सोडते. त्यामुळे चढणीसाठी लहान माप ठेवून महामार्गालाही निभावता येते.

धुराच्या बाजूच्या कवचाचेही माप असते. काही बनावटींवर ते दशांशात कोरलेले दिसते. आकडा लहान म्हणजे धुराची वाट अरुंद आणि टर्बो लवकर दम धरणारा, आकडा मोठा म्हणजे वरच्या वेगाला मोकळा. त्यामुळे बाहेरून सारखे दिसणारे दोन टर्बो आतून वेगळे असू शकतात. शिवाय टर्बो एकटा बदलून ताकद वाढत नाही. पंप आणि नोजल जेवढे डिझेल देतात तेवढेच जळणार. आणि पंप वाढवून हवा न वाढवली तर हेड गास्केट आणि पिस्टन जातात.

त्या पालकांनी शेवटी ट्रेलरचा टर्बो घेतला नाही. जुन्या टर्बोच्या पट्टीवर जो भाग क्रमांक होता त्याच क्रमांकाचा बसवला. तो महाग पडला आणि उधारी करावी लागली. गाडी आजही खडी वाहते. मुलगा दहावी झाला.

हा इल्म कुणाच्या भाषेत?

बीएस-सिक्स गाड्यांत मापाचा प्रश्न बराचसा कारखान्यातच सुटतो. त्यांतल्या अनेक इंजिनांत टर्बोची धुराची वाट गरजेनुसार अरुंद-रुंद होते आणि संगणक ती चालवतो. अशा गाडीला दुसऱ्या मापाचा टर्बो लावला तर सेन्सर आणि धूर गाळणारी यंत्रणा यांचा मेळ बिघडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या घडणीत मनाने बदल करताही येत नाही. म्हणजे उस्तादांच्या हातातले निम्मे काम लॅपटॉपकडे गेले आहे.

इथे मला काळजी वाटते ती आपल्या मुलांची. कुर्ला, भिवंडी, काशिमिरा इथल्या गॅरेजांत उस्ताद-शागीर्द परंपरेने हा हुनर दोन-तीन पिढ्या चालत आला. त्यात आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे. पण तो सगळा कानात आणि हातात राहिला, कागदावर आला नाही. जो कागद आहे तो इंग्रजीत आहे. ज्या माणसाला आवाजावरून टर्बोचे माप कळते त्याला माहितीपत्रकातला नकाशा वाचता येत नाही, आणि ज्याला नकाशा वाचता येतो त्याने गायमुखची चढण ड्रायव्हरच्या शेजारी बसून पाहिलेली नसते. ब्यूखीकडे कल्पना होती, तरी वीस वर्षे गेली. कागद आणि हात यांची गाठ पडायला वेळ लागतोच, पण आपण ती पडूच देत नाही.

रस्ते नाहीत असे नाही. आयटीआयमध्ये दहावीनंतर 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा कोर्स आहे. भायखळ्याच्या साबू सिद्दीक संस्थेचा पाया १९३६ मध्ये घातला गेला, तिथे ऑटोमोबाईल अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. गॅरेजमध्ये चार वर्षे पाना चालवलेल्या मुलाने तिथे जावे आणि तिथे शिकणाऱ्या मुलाने सुट्टीत गॅरेजमध्ये बसावे. पालकांनी "अब पढके क्या करेगा, हाथ में हुनर है" हे म्हणणे सोडावे. हुनर आहे म्हणूनच शिकायचे आहे.

माझ्या वर्गातल्या ड्रायव्हर-मेकॅनिकांच्या मुलांना मी यंदा एक काम दिले आहे. घरातल्या किंवा ओळखीच्या गाडीचे इंजिन कोणते, टर्बोच्या पट्टीवरचा क्रमांक काय, कवचावर आकडा आहे का, गाडी कुठल्या रस्त्याने जाते, किती माल भरते आणि घाटात कोणत्या गिअरमध्ये चढते, हे विचारून वहीत लिहून आणायचे. ज्याला मराठीत जमते त्याने मराठीत, ज्याला उर्दूत जमते त्याने उर्दूत. आतापर्यंत अकरा वह्या आल्या आहेत. त्यांतल्या दोन वह्यांत वडिलांनी स्वतःच्या हाताने टर्बोचे चित्र काढून दिले आहे.